न गाळलेली वाइन आणि होशार कुटुंबाची जोखीम

लाल वाइनच्या जुन्या बाटलीच्या तळाशी काळसर गाळ दिसला की माल बिघडला, असा समज करून घेणारे आजही थोडे नाहीत. वस्तुतः वय वाढते तसे द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्ये आणि तुरट टॅनिन एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. बाटली भरताना वाइन गाळलेली नसेल तर हा थर अधिक दाट असतो. लेबनॉनमधील ‘शातो म्युझार’ या वाइनरीची लाल वाइन अशीच गाळ घेऊन येते. होशार कुटुंब ती गाळीत नाही, निवळवीत नाही आणि तोडणीनंतर सुमारे सात वर्षे बाजारातही आणीत नाही.

‘किमान हस्तक्षेपाची वाइन’ हा शब्दप्रयोग अलीकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांच्या यादीत सर्रास आढळतो. तो ऐकताना असे वाटते की, द्राक्षे तुडवून बाजूला व्हायचे आणि पुढचे सारे निसर्गावर सोपवायचे. म्युझारचा इतिहास पाहिल्यास या समजुतीतील भाबडेपणा लक्षात येतो. जिथे हात आवरला जातो, तिथे दुसरे काहीतरी द्यावे लागते. कधी वेळ, कधी पैसा, तर कधी एखाद्या वर्षाचे अख्खे पीक.

मुळात हस्तक्षेप कशाला म्हणायचे, ते आधी पाहू. द्राक्षाच्या रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते ते यीस्ट. द्राक्षांच्या सालीवर, मळ्यात आणि वाइनरीच्या भिंती-टाक्यांवर त्याच्या अनेक जाती आपोआप वस्ती करून असतात. गोव्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. काजूच्या बोंडूंचा रस भांड्यात भरून ठेवला की तो बाहेरचे यीस्ट न घालताच आंबतो आणि मग भट्टीवर चढतो. सान्नांचे पीठ पूर्वी माडाच्या सुरेने फुगवीत, तेही याच बळावर. परंतु रानटी यीस्ट लहरी असते. ते कधी मध्येच थांबते, कधी नको ते वास निर्माण करते. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या वाइन उद्योगाने निवडलेले, प्रयोगशाळेत वाढवून वाळवलेले यीस्ट वापरायला सुरुवात केली. पाकीट फोडायचे, कोमट पाण्यात भिजवायचे आणि टाकीत ओतायचे. निकाल ठरलेला.

यीस्ट हा केवळ आरंभ. रस आंबट नसेल तर टार्टारिक आम्ल घालता येते. थंड प्रदेशात साखर कमी पडली तर काही देशांत तीही घालण्याची मुभा आहे. रंग नीट उतरावा म्हणून विकरे मिळतात, ओकच्या पिंपाचा खर्च टाळायचा असेल तर ओकचे तुकडे मिळतात. तयार वाइन नितळ दिसावी म्हणून अंड्याचा पांढरा बलक किंवा बेंटोनाइट नावाची माती घालून तरंगणारे कण खाली बसवतात. मग सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ती काढतात, की उरलेसुरले जंतूही मागे राहावेत. या प्रत्येक टप्प्यावर कमी-अधिक गंधक डायऑक्साइड घातला जातो. तो जंतूंना आवर घालतो आणि हवेमुळे होणारा बिघाड रोखतो. यातले काहीही बेकायदा नाही आणि बहुतेक गोष्टी आरोग्याला अपायकारकही नाहीत. शंभर रुपयांची असो वा हजाराची, प्रत्येक बाटली मागच्या वर्षीसारखीच लागावी, ही ग्राहकाची अपेक्षा पुरी करण्याचे ते साधन आहे. होशार कुटुंबाने नाकारली ती हीच अपेक्षा.

लेबनॉनची भूमी वाइनला नवखी नाही. तिथल्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी भूमध्य सागरभर वाइन पोहोचवली. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात बुडालेली त्यांची दोन गलबते १९९९ साली खोल समुद्राच्या तळाशी अभ्यासली गेली, तेव्हा त्यांच्या पोटात वाइनचे शेकडो मातीचे कुंभ रचलेले सापडले. बेका खोऱ्यातील बालबेक येथे रोमनांनी मद्यदेवता बाकसचे जे मंदिर उभारले, ते आजही बऱ्यापैकी शाबूत आहे. मधल्या काळात ऑटोमन राजवटीत ही परंपरा बरीचशी ख्रिस्ती मठांच्या आश्रयाने टिकली. बेकातील क्सारा येथे जेझुइट धर्मगुरूंनी १८५७ साली आधुनिक पद्धतीची वाइन करायला प्रारंभ केला. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश फ्रान्सच्या अधिपत्याखाली आला आणि फ्रेंच अधिकारी व सैनिक यांच्या रूपाने एक तयार गिऱ्हाईक मिळाले.

या वातावरणात गास्तों होशार या तरुणाने १९३० साली म्युझारची स्थापना केली. बैरूतच्या उत्तरेस, समुद्राकडे तोंड केलेल्या डोंगरउतारावर गझीर हे गाव आहे. तेथील मझार नावाच्या जुन्या गढीवरून वाइनरीला नाव मिळाले. (अरबीत ‘मझार’ म्हणजे भेट देण्याचे स्थळ. आपल्याकडे फारसीतून आलेला ‘मजार’ हा शब्द त्याचेच भावंड; मात्र आपण तो केवळ समाधीसाठी राखून ठेवला.) द्राक्षमळे मात्र गझीरला नव्हतेच. ते पर्वतरांगेच्या पलीकडे, बेका खोऱ्यात होते. मळा एकीकडे आणि वाइनरी दुसरीकडे ही रचना वाइनच्या धंद्यात अडचणीचीच. त्यामागचे कारण राजकीय होते असे सांगतात. नव्याने आखलेल्या सीमा टिकतील की बेका उद्या सिरियाच्या वाट्याला जाईल, याची त्या काळी शाश्वती नव्हती. सावधगिरीपोटी केलेल्या त्या निवडीने पुढे पंचेचाळीस वर्षांनी कुटुंबाची कठोर परीक्षा पाहिली.

गास्तोंचा थोरला मुलगा सर्ज १९५९ साली वाइनरीच्या कामात उतरला, तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. त्याने वडिलांपुढे अट घातली की वाइन माझ्या पद्धतीने होईल आणि तुम्ही बाजूला व्हाल. वडील झाले. गंमत अशी की, हा मुलगा शिकला होता फ्रान्समधील बोर्दोच्या विद्यापीठात, एमील पेनो यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली. पेनो म्हणजे आधुनिक, शास्त्रशुद्ध वाइननिर्मितीचे एक प्रमुख प्रवर्तक. टाक्यांची स्वच्छता, तापमानावरील ताबा, दुसऱ्या टप्प्यातील आंबवणीवर लक्ष, या गोष्टी बोर्दोच्या कारागिरांच्या अंगवळणी पडल्या त्या त्यांच्यामुळे. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने उलट्या दिशेने चालायला सुरुवात केली. मात्र त्याचा नकार अज्ञानातून आलेला नव्हता. काय करता येते ते ठाऊक असूनही ते न करणे, यात आणि माहीतच नसल्याने न करणे यात अंतर आहे. वाइन चाखताना ते बहुधा कळतेही.

सर्जना आपल्या लाल वाइनचे सूत्र सापडायला अठरा वर्षे लागली. ते स्थिर झाले १९७७ च्या सुमारास. काबर्ने सोव्हिन्यों, कारिन्यान आणि सँसो या तीन जातींची द्राक्षे त्यात येतात. पहिली वाइनला कणा देते, दुसरी भरीवपणा, तिसरी सुगंध आणि मार्दव. प्रमाण दर वर्षी वेगळे असते, कारण वर्ष वेगळे असते. मळे बेकामधील आना, केफ्राया अशा गावांच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहेत. चुनखडकावर वाळू-गोट्यांची जमीन, भरपूर ऊन आणि उंचीमुळे गार रात्री. वेली जुन्या, मांडवाविना झुडपासारख्या वाढवलेल्या आणि पावसाच्याच पाण्यावर जगणाऱ्या. तोडणी हातांनी होते व ती बेदुइन मजूर करतात. मळ्यांना २००६ साली सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले; पद्धत त्याच्या कितीतरी आधीची.

गझीरला आलेली द्राक्षे सिमेंटच्या टाक्यांत जातात आणि आपल्याच यीस्टने आंबतात. तापमान तीस अंशांपुढे जाऊ नये, इतकी काळजी मात्र घेतली जाते. ‘किमान’ आणि ‘शून्य’ यांतील भेद इथे दिसतो. आंबवणीत उष्णता निर्माण होते. ती बेसुमार वाढली तर यीस्ट मरते आणि अर्धवट गोड रस जंतूंच्या तावडीत सापडतो. आपल्या नाशिककडे द्राक्षांची तोडणी उन्हाळा चढू लागतो त्या सुमारास होते, म्हणून तिथल्या कारखान्यांना गार करता येणाऱ्या पोलादी टाक्यांवर भिस्त ठेवावी लागते. बेकाला उंचीने काही अंशी ही मदत केली आहे. म्हणजे हस्तक्षेप कमी ठेवणे ही केवळ इच्छेची गोष्ट नव्हे. जमीन, हवा आणि द्राक्षाची जात यांची निवड अगोदर नेमकी झाली असेल, तरच नंतर हात बांधून उभे राहता येते.

आंबवणीनंतर काही महिने टाकीत, मग सुमारे वर्षभर फ्रान्सच्या नेव्हेर भागातील ओकच्या पिंपांत. तीनही द्राक्षांच्या वाइन वेगवेगळ्याच मुरतात. त्यांचे मिश्रण तिसऱ्या वर्षी होते आणि त्याच वर्षाअखेर बाटल्या भरतात. निवळणे नाही, गाळणे नाही, गंधक अगदी थोडे. त्यानंतर गझीरच्या डोंगरात कोरलेल्या तळघरात बाटल्या आणखी तीन-चार वर्षे आडव्या पडून राहतात.

इथे व्यापाराच्या अंगाने थोडा हिशेब करावा. बहुसंख्य वाइनरी आपली लाल वाइन एक-दोन वर्षांत विकून मोकळ्या होतात. सात वर्षांनी विकायचे म्हणजे तळघरात कायम सहा-सात हंगामांचा माल साठून राहणार. मजुरी, पिंपे, बाटल्या, बुचे यांचा खर्च आज आणि त्याची परतफेड सात वर्षांनी. भागधारकांना दर तिमाहीत हिशेब देणाऱ्या कंपनीला हे जमणे कठीण. कुटुंबाची मालकी इथे भावनेचा विषय राहत नाही, ती या पद्धतीची आर्थिक अट ठरते. जे काम गाळणी एका दुपारी करते, ते काळाकडून करून घ्यायचे तर काळाचे भाडे कुणीतरी भरायला हवे.

एवढे करून निष्पन्न काय होते, यावर मात्र जाणकारांत एकमत नाही. म्युझारच्या लाल वाइनमध्ये वाळलेली फळे, चामडे, मसाले यांचे गंध असतात आणि त्यांच्या जोडीला एक टोकदार, किंचित शिरक्याकडे झुकणारी झाक असते. हा बाष्पशील आम्लाचा प्रभाव. अॅसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू हवेच्या संपर्कात सक्रिय होतात; गंधक कमी असेल तर त्यांना मोकळीक मिळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार लाल वाइनमध्ये या आम्लाचे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे १.२ ग्रॅमच्या वर जाऊ नये. त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतानाही ते नाकाला जाणवते. परीक्षेच्या टेबलावर बसलेला काटेकोर परीक्षक अशा वाइनला दोषी ठरवील; दुसरा म्हणेल की, याच झाकेमुळे ती वीस-तीस वर्षे जिवंत राहते. सर्ज यांचा कल उघडच दुसऱ्या बाजूला होता. त्यांच्या लेखी वाइन हा सजीव होता आणि सजीव म्हटला की त्यात खोड आलीच.

प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद निम्माच पटतो. दोषाला व्यक्तिमत्त्व म्हणून खपवणे फार सोपे असते, आणि ‘नैसर्गिक’ या शिक्क्याखाली सरळसरळ बिघडलेल्या वाइन विकणारेही आज आहेतच. म्युझारच्या बाबतीतही एकाच वर्षाच्या दोन बाटल्या सारख्या निघतील याची हमी नाही. ही जोखीम काही अंशी ग्राहकाच्याच खिशातून जाते. परंतु कसोटी एकच असू शकते. बाटली दहा वर्षांनी उघडल्यावर खोड वाढली आहे की बाकीचे गुण तिला पुरून उरले आहेत? म्युझारच्या साठ-सत्तरच्या दशकांतील बाटल्या आजही आस्थेने उघडल्या जातात, यात तिचे उत्तर आहे.

१३ एप्रिल १९७५ रोजी लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले. ते पंधरा वर्षे चालले. धर्मपंथांच्या सशस्त्र टोळ्या, पॅलेस्टिनी गट, १९७६ पासून सिरियाचे सैन्य, १९८२ साली इस्रायलचे आक्रमण, अशा अनेक शक्तींनी देशाचे तुकडे केले. बेका एका सत्तेखाली, गझीर दुसऱ्या सत्तेखाली. दोहोंच्या मध्ये पर्वतरांग, घाटरस्ते आणि त्यांवर जागोजागी नाकी. गास्तोंनी केलेल्या त्या जुन्या निवडीचा हिशेब आता चुकता करायची वेळ आली. दर शरदात द्राक्षे भरलेले ट्रक या नाक्यांवरून पार करायचे होते, आणि द्राक्षे वाट पाहत नाहीत. तोडल्यानंतर काही तासांत पोहोचणारा माल कधी दिवसाने पोहोचला. गोळीबार वाढला की तळघर आसऱ्याची जागा होई.

तरीही या पंधरा वर्षांत हंगाम पूर्णपणे बुडाला तो एकच, १९७६ चा. त्या वर्षाची म्युझार अस्तित्वात नाही. १९८४ ची कथा अधिक विलक्षण आहे. त्या वर्षी लढाईमुळे ट्रक दिवसच्या दिवस रस्त्यात अडकून पडले. द्राक्षे गझीरला पोहोचली तेव्हा ती ट्रकमध्येच आंबू लागली होती. ज्या रानटी यीस्टवर सर्ज यांनी आयुष्यभर विश्वास टाकला, त्याने वाइनरीचे दार उघडण्याची वाट न पाहता काम सुरू केले होते. दुसऱ्या कुणी ती द्राक्षे फेकली असती किंवा गंधकाचा मारा करून वाचवता येईल तेवढी वाचवली असती. सर्ज यांनी त्यांची वाइन केली, पण ती नेहमीप्रमाणे बाजारात आणली नाही. ती तळघरात राहिली आणि पुढे कित्येक वर्षांनी निवडक लोकांनी चाखली. योगायोग असा की, याच १९८४ साली लंडनच्या ‘डिकॅन्टर’ मासिकाने आपला वर्षातील मानकरी निवडण्याची प्रथा सुरू केली आणि पहिला मान दिला तो सर्ज होशार यांना.

लंडनशी नाते जुळण्याचे कारणही युद्धच. १९७५ पूर्वी म्युझारचा बहुतेक माल देशातच खपत असे. बैरूतची हॉटेले आणि रेस्टॉरंटे ओस पडल्यावर ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. १९७९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात सर्ज आपल्या बाटल्या घेऊन गेले. क्रिस्टीज या लिलावगृहाचे मायकेल ब्रॉडबेन्ट हे त्या काळातील अत्यंत वजनदार रसिक. त्यांनी म्युझारला मेळ्यातील सर्वांत मोठा शोध ठरवले आणि ब्रिटनची बाजारपेठ खुली झाली. सर्ज यांचे धाकटे बंधू रोनाल्ड यांनी व्यवसायाची बाजू सांभाळली. युद्धकाळात तयार होऊन मुरत पडलेल्या साठ्याला अशा रीतीने परदेशी गिऱ्हाईक मिळत गेले. सात वर्षे थांबण्याची सवय इथे कामी आली, कारण विकायला जुना माल नेहमीच हाताशी होता. एखादा हंगाम हुकला तरी घर लगेच बुडत नव्हते.

सर्ज होशार यांचे ३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोत समुद्रात पोहत असताना निधन झाले. तोपर्यंत ‘नैसर्गिक वाइन’ ही एक चळवळ झाली होती. तिचे मूळ साधारणपणे फ्रान्सच्या बोजोले भागात, झ्यूल शोव्हे या रसायनशास्त्र जाणणाऱ्या वाइन व्यापाऱ्याच्या विचारांत सांगतात. हस्तक्षेप टाळण्याचा मार्ग पुन्हा रसायनशास्त्रज्ञानेच दाखवावा, हे पेनोंच्या शिष्याच्या कथेशी जुळणारे आहे. फ्रान्समध्ये २०२० पासून या प्रकारच्या वाइनसाठी एक स्वेच्छेची सनदही आहे. हाताने तोडणी, सेंद्रिय द्राक्षे, स्वतःचे यीस्ट आणि गंधक अजिबात नाही किंवा लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी, अशा तिच्या अटी आहेत. युरोपातील सर्वसाधारण कोरड्या लाल वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार होणाऱ्या वाइनमध्ये काय काय घातले आहे, ते जाहीर करणेही युरोपीय संघाने बंधनकारक केले. म्युझार या चळवळीच्या आधीची आहे, आणि तिच्या वाइनमध्ये गंधक थोडे का होईना असते. चळवळीतील तरुण तिला पूर्वज मानतात. ती स्वतः मात्र कोणत्याही झेंड्याखाली फारशी उभी राहिलेली दिसत नाही.

ज्यांना अशी न गाळलेली बाटली मिळेल त्यांच्यासाठी दोन व्यवहारी गोष्टी. उघडण्यापूर्वी ती दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग उजेडासमोर धरून, सावकाश, एकाच ओघात दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ मानेपाशी आला की थांबावे. ओतल्यावर लगेच नाकाला लागणारी उग्र झाक पुष्कळदा तासाभरात मवाळ होते.

आज वाइनरी पुढच्या पिढीच्या, सर्ज यांच्या गास्तों व मार्क या मुलांच्या आणि त्यांच्या भावंडांच्या हाती आहे. त्यांच्या वाट्याला आलेला देशही शांत नाही. २०१९ मध्ये लेबनॉनची बँकव्यवस्था कोसळली, ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील स्फोटाने शहर हादरले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन तोडणीच्या मोसमात, बेका खोऱ्यावर पुन्हा बॉम्ब पडले. त्या वर्षीची द्राक्षे नेहमीच्या वेळापत्रकाने मुरली, तर त्यांची बाटली विक्रीला येईल ती २०३१ च्या सुमारास.